ढकलणे आणि टांगणे : शिरेवाटे द्रव देणाऱ्या सुवाह्य साधनाचा पूर्वेतिहास

१

वैद्यकाच्या इतिहासात औषधांना जेवढे स्थान मिळते, तेवढे ती औषधे शरीरात पोहोचविणाऱ्या साधनांना मिळत नाही. शिरेवाटे द्रव देण्याच्या उपचाराबाबत ही उणीव विशेषच जाणवते. पाणी, मीठ आणि थोडा सोडा यांचे द्रावण मरणाच्या दारातील रोग्यास शुद्धीवर आणू शकते, ही गोष्ट १८३२ सालीच दिसून आली होती. तथापि हा उपचार रुग्णालयांच्या नित्यक्रमात येण्यास त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे जावी लागली. द्रावणाची शुद्धता, जंतूंचे ज्ञान आणि योग्य प्रमाण यांचा अभाव ही या विलंबाची सर्वमान्य कारणे होत. त्यांच्या जोडीला आणखी एक कारण उभे करणे आवश्यक आहे. द्रव शिरेत नेणारी शक्ती कोठून आणावयाची आणि ती किती वेळ टिकवावयाची, हा प्रश्न प्रदीर्घ काळ सुटलेला नव्हता.

प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. बाटली उंच टांगली की द्रव आपोआप खाली उतरतो. परंतु बाटली टांगावयास खुंटी हवी आणि खुंटीस भिंत हवी. भिंत नसेल तेथे बाटली धरून उभा राहणारा मनुष्य हवा. शिवाय नळीच्या लांबीपलीकडे रोग्यास हलता येत नाही. म्हणूनच रणांगण, निर्वासितांची छावणी किंवा अडलेल्या बाळंतिणीस खेड्यातून तालुक्याकडे नेणारी गाडी अशा ठिकाणी या क्षुल्लक प्रश्नास जीवनमरणाचे स्वरूप येते. या प्रश्नास दोन प्रकारची उत्तरे मिळत गेली : द्रव ढकलणे आणि द्रव टांगणे. या दोन उत्तरांच्या परस्परसंबंधातून अंगावर बाळगता येईल असे यांत्रिक साधन कसे निर्माण झाले, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२

विल्यम हार्वे याने रक्ताभिसरणाचा सिद्धान्त १६२८ साली प्रसिद्ध केला. रक्त शरीरभर फिरत असेल, तर एका शिरेत सोडलेला पदार्थ सर्वांगास पोहोचला पाहिजे, हा त्याचा स्वाभाविक निष्कर्ष होय. या निष्कर्षाची परीक्षा ऑक्सफर्ड येथे १६५६ साली क्रिस्टोफर रेन याने केली. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलचा स्थापत्यकार म्हणून पुढे कीर्ती पावलेला तोच हा रेन. त्याने कुत्र्याच्या शिरेत मद्य व अफू यांचा द्रव सोडला. त्याकरिता पक्ष्याच्या पिसाची पोकळ दांडी आणि तिला बांधलेले जनावराचे मूत्राशय एवढीच सामग्री त्याने वापरली. मूत्राशय दाबले की द्रव दांडीतून शिरेत जाई. शिरेत द्रव घालण्याचे हे आद्य साधन संपूर्णपणे सुवाह्य होते, आणि त्यामागची शक्ती केवळ मुठीची होती.

मूत्राशय व नळी यांची ही जोडणी भारतीय वाचकास अपरिचित नाही. चरक व सुश्रुत यांच्या संहितांत बस्तीकरिता जनावराचे मूत्राशय आणि त्यास बसविलेली ‘नेत्र’ नामक नळी यांचे वर्णन आहे. किंबहुना ‘बस्ति’ या शब्दाचा मूळ अर्थच मूत्राशय असा असून, उपचारास हे नाव साधनावरून मिळाले आहे. बस्तीचा शिरेशी संबंध नसल्याने यावरून अग्रक्रमाचा कोणताही दावा करता येत नाही. लवचीक पिशवी आणि ताठ नळी ही द्रव ढकलण्याची सर्वांत सोपी युक्ती असून ती परस्परांशी संबंध नसलेल्या परंपरांत स्वतंत्रपणे अवतरली, एवढेच यातून दिसते.

३

ढकलणे आणि टांगणे या दोन तत्त्वांचा भेद प्रथम स्पष्टपणे नोंदला गेला तो जेम्स ब्लंडेल याच्या साधनांत. लंडनमधील या प्रसूतितज्ज्ञाने १८१८ साली मनुष्याचे रक्त मनुष्यास देण्याचा प्रयोग केला. बाळंतपणात रक्तस्राव होऊन स्त्रिया दगावत, हे पाहून तो या विषयाकडे वळला होता. रक्त देण्याकरिता त्याने जी उपकरणे तयार केली, त्यांतील एकास ‘इंपेलर’ व दुसऱ्यास ‘ग्रॅव्हिटेटर’ अशी नावे आहेत. पहिल्यात रक्त पिचकारीच्या साह्याने पुढे लोटले जाई. १८२९ साली ‘लॅन्सेट’ या पत्रात वर्णिलेल्या दुसऱ्यात रक्त उंचावरील नरसाळ्यातून नळीवाटे स्वतःच्या भाराने खाली उतरे. ही नावे अर्थाच्या दृष्टीने बोलकी आहेत. एकाच्या मुळाशी ‘पुढे ढकलणे’ या अर्थाचा लॅटिन धातू आहे, तर दुसऱ्याच्या मुळाशी ‘भार’ या अर्थाचा शब्द आहे. साधनाचे नाव त्यातील द्रवावरून किंवा पात्रावरून न पडता शक्तीवरून पडावे, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. कारण पुढे असे घडणे जवळजवळ थांबले.

यानंतर तीनच वर्षांनी पटकीच्या साथीने या साधनांची खरी कसोटी घेतली. १८३१ च्या अखेरीस ही साथ इंग्लंडातील संडरलँड येथे पोहोचली, तेव्हा विल्यम ओशॉनेसी या तरुण डॉक्टराने रोग्यांच्या रक्ताचे रासायनिक पृथक्करण केले. रक्तातील पाणी व क्षार मोठ्या प्रमाणात नाहीसे झालेले असतात, असे त्यास आढळले. ही हानी भरून काढावी, असे त्याने सुचविले. पुढे हाच ओशॉनेसी ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत कलकत्त्यास आला आणि कलकत्ता, आग्रा, मुंबई व मद्रास यांना जोडणारे तारायंत्राचे जाळे त्याच्याच देखरेखीखाली उभे राहिले.

त्याची सूचना कृतीत आणली स्कॉटलंडमधील लीथ येथील टॉमस लॅटा याने. मे १८३२ मध्ये त्याने एका वृद्ध स्त्रीच्या हाताच्या शिरेत कोमट लवणद्रावण सोडण्यास आरंभ केला. तत्पूर्वीचे सर्व उपाय तिच्यावर निष्फळ ठरले होते. अर्ध्या तासात सहा पाइंट, म्हणजे सुमारे तीन लिटर, द्रव तिच्या शरीरात गेला. तिची बुजलेली नाडी परत आली, आवाजात जोर आला आणि ती थट्टेने बोलूही लागली. आता आपणास थोडी झोप मिळाली की पुरे, असे तिला वाटू लागले. तिला रुग्णालयाच्या शल्यवैद्याकडे सोपवून लॅटा निघून गेला. थोड्याच वेळात वांत्या व जुलाब पुन्हा सुरू झाले. ही वार्ता लॅटाला कोणी कळविली नाही, आणि तो गेल्यानंतर साडेपाच तासांनी ती स्त्री मरण पावली. हाच उपचार पुन्हा केला असता तर ती वाचली असती, असे मत लॅटाने आपल्या पत्रात नोंदविले. हे पत्र २ जून १८३२ च्या ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले.

लॅटाने वापरलेले साधन या ठिकाणी अत्यंत महत्त्वाचे आहे. ती रीडची पेटंट पिचकारी होती. तिच्या लवचीक नळीच्या टोकास त्याने चांदीची बारीक नळी जोडली होती. जॉन रीड हा केंट परगण्यातील एक बागवान. त्याने पोटातील विष काढून टाकण्याकरिता व बस्तीकरिता असा पंप तयार केला होता. म्हणजे शिरेकरिता वेगळे साधन तोपर्यंत नव्हतेच. पोट धुण्याची पिचकारी शिरेस लावली गेली. ती चालविणारा हात जोवर हालत होता, तोवर द्रव जात होता. हात थांबला की उपचार थांबे. त्या वृद्धेच्या मृत्यूचे निकटचे कारण पटकी असली, तरी उपचार अखंड चालू ठेवील असे साधन त्या खोलीत नव्हते आणि ते चालविणारा एकच मनुष्य निघून गेला होता, हेही तितकेच खरे आहे.

पुढे साथ ओसरली आणि १८३३ साली लॅटाही वारला. उपचार बहुधा आसन्नमरण रोग्यांवरच झाल्याने त्यांपैकी पुष्कळसे दगावले. द्रावण आजच्या मानाने विरळ होते. उकळून निर्जंतुक करण्याची कल्पना अद्याप उदयास यावयाची होती, आणि पिचकारीतून हवेचा बुडबुडा शिरेत जाण्याचे भय होतेच. परिणामी हा उपचार मागे पडला.

४

त्याचे पुनरुज्जीवन झाले ते टांगण्याच्या तत्त्वाने. रबराची टिकाऊ व लवचीक नळी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सहज मिळू लागली. काचेचे पात्र उंचावर ठेवून त्यातील द्रव रबरी नळीने शिरेत सोडणे आता शक्य झाले. सिडनी रिंगर याने १८८० नंतरच्या वर्षांत द्रावणातील क्षारांचे प्रमाण शास्त्रशुद्ध केले. कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स याने १९०८ च्या सुमारास पटकीच्या रोग्यांस अधिक तीव्र लवणद्रावण देऊन मृत्यूचे प्रमाण पुष्कळ खाली आणले. द्रव दिल्यानंतर रोग्यास जो ताप भरे, त्याचे मूळ ऊर्ध्वपातित पाण्यातील जंतुजन्य द्रव्यांत आहे, असे फ्लॉरेन्स सायबर्ट यांनी १९२३ साली दाखविले. त्याच्या पुढील वर्षी अमेरिकेतील शल्यवैद्य रूडॉल्फ मॅटास याने थेंबाथेंबाने अखंड द्रव देण्याच्या पद्धतीचा पुरस्कार केला. १९३१ पासून तयार द्रावणे काचेच्या बंद बाटल्यांत विक्रीस येऊ लागली. लॅटाला हवे असलेले अखंडत्व अशा रीतीने हाती आले. कारण गुरुत्वाकर्षण थकत नाही आणि ते रोग्यास सोडून जातही नाही.

या विजयाची एक खूण भाषेतही उमटली आहे. मराठीत शिरेवाटे देण्याच्या कोणत्याही द्रवास ‘सलाइन’ म्हणतात. बाटलीत केवळ ग्लुकोज असले तरी नाव बदलत नाही. ‘बाटली लावली’ या प्रयोगात पात्राचे नाव येते, तर इंग्रजीतील ‘ड्रिप’ हे नाव थेंबावरून आले आहे. ‘सलाइन चढविणे’ हा प्रयोग तर विशेष लक्षणीय आहे, कारण द्रव उतरत असतानाही क्रियापद मात्र चढण्याचे आहे. यांपैकी कोणत्याही शब्दात द्रवास गती देणाऱ्या शक्तीचा निर्देश नाही. ब्लंडेलच्या काळी दोन शक्ती समोरासमोर होत्या, म्हणून दोहोंसही नावे होती. पुढे एक शक्ती इतकी सार्वत्रिक झाली की तिचा उल्लेख अनावश्यक ठरला. भाषेत जे नेहमीचे असते ते निर्नाम राहते आणि जे अपवादात्मक असते त्यास नाव पडते, हा नियम येथेही लागू पडतो.

५

निर्नाम झालेल्या या शक्तीच्या मर्यादा युद्धात उघड झाल्या. एक मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब पाऱ्याच्या सुमारे ७४ मिलिमीटरांएवढा असतो. पलंगावर निजलेल्या रोग्याच्या नीलेत, म्हणजे रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या शिरेत, द्रव सोडण्यास तो पुरतो. रणभूमीवर मात्र तेवढी उंची मिळविणे हेच कठीण. दुसऱ्या महायुद्धातील छायाचित्रांत रक्तद्रवाची बाटली हातात उंच धरून बसलेला परिचारक सैनिक दिसतो. कोठे कोठे जमिनीत उभी रोवलेली रायफलच खुंटीचे काम करताना दिसते. एका जखमी मनुष्यामागे एक धडधाकट मनुष्य केवळ बाटली धरण्यात गुंतून पडे.

यावर पहिला उतारा मिळाला तो पात्र बदलल्यामुळे. १९५० च्या सुमारास कार्ल वॉल्टर व त्याचे सहकारी यांनी रक्ताकरिता प्लॅस्टिकची पिशवी प्रचारात आणली. काचेच्या बाटलीत द्रव कमी होत जातो तशी बाहेरची हवा आत घ्यावी लागते. पिशवी आपण होऊन चपटी होत जाते. म्हणून तिला दाबता येते. रक्तदाब मोजण्याच्या पट्ट्यासारखा पट्टा पिशवीभोवती गुंडाळून हातपंपाने त्यात हवा भरली, की पाऱ्याच्या ३०० मिलिमीटरांपर्यंत दाब मिळतो. हे साधन जवळ नसल्यास पिशवी जखमी माणसाच्याच पाठीखाली सरकविण्यात येई. त्याच्या देहाचे वजन द्रव ढकलण्याचे काम करी. रेनच्या मूत्राशयाचे तत्त्व सुमारे तीनशे वर्षांनी नव्या पदार्थाच्या रूपाने असे परत आले.

परंतु छावणीतील साथीपुढे हा उताराही अपुरा पडला. १९७१ साली पूर्व बंगालमधून लक्षावधी निर्वासित भारतात आले आणि त्यांच्यात पटकी पसरली. सीमेलगतच्या बनगाव येथील रुग्णालयात डॉ. दिलीप महालनबीस यांच्यापुढे दोन खोल्यांच्या जमिनीवर रोगी दाटीवाटीने पडलेले होते. शिरेवाटे देण्याचा द्रव संपत आला होता आणि प्रत्येकाच्या शिरेत सुई घालण्यास माणसेही पुरेशी नव्हती. तेव्हा त्यांनी एक लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ व २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा या प्रमाणात केलेले द्रावण पिंपांत भरून ठेवले. रोग्यांचे नातेवाईक ते पेल्यांनी पाजू लागले. त्यांच्या देखरेखीखालील रोग्यांत मृत्यूचे प्रमाण, पूर्वी शेकडा ३० च्या आसपास होते ते, साडेतीन टक्क्यांच्या जवळपास आले. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या घटनेचा अर्थ असा की, द्रव आत नेणारी शक्ती बाहेरून आणण्याचे कारणच उरले नाही. रोग्याची गिळण्याची क्रिया तेच काम करू लागली.

तथापि ज्यास गिळण्याचेही त्राण उरलेले नाही, त्यास शिरेचाच मार्ग मोकळा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक वर्षावरील तीव्र निर्जलित रोग्यास वजनाच्या दर किलोग्रॅममागे ३० मिलिलिटर द्रव पहिल्या अर्ध्या तासात आणि ७० मिलिलिटर पुढील अडीच तासांत द्यावयाचा असतो. ५० किलोग्रॅम वजनाच्या मनुष्यास अर्ध्या तासात दीड लिटर, असा हा हिशेब होतो. लॅटाच्या पिचकारीचा वेग याहून कमी नव्हता. उणीव होती ती पुढच्या अडीच तासांची.

६

येथवरच्या साधनांत ढकलणारी शक्ती त्या त्या क्षणी पुरवावी लागे. ती अगोदर साठवून ठेवून सावकाश खर्च करता आली, तर रोगी खुंटीपासून आणि परिचारकाच्या हातापासूनही मुक्त होईल, हा विचार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फलद्रूप झाला. त्यास चालना मिळाली ती यकृताच्या कर्करोगावरील उपचारातून. यकृताच्या रोहिणीत औषध सतत सोडावयाचे, तर तेथील दाबावर मात करण्यास बाटली दीड मीटराहून अधिक उंच टांगावी लागते, आणि तीही कित्येक दिवस. बॉस्टन येथील एल्टन वॉटकिन्स याने १९६३ साली याकरिता घड्याळाच्या तत्त्वावर चालणाऱ्या छोट्या यंत्राची माहिती प्रसिद्ध केली. हे यंत्र अंगावर बाळगून रोग्यास हिंडता येत असे. १९७० नंतरच्या दशकात बॅटरीवर चालणारी सुवाह्य यंत्रेही आली. त्यांपैकी मार्टिन राइट याचे पिचकारी सावकाश लोटणारे यंत्र दुर्धर रोग्यांच्या शुश्रूषेत विशेष उपयोगी ठरले. मात्र त्याने औषध बहुशः त्वचेखाली दिले जाई.

विजेवाचून चालणाऱ्या साधनांत दोन प्रकार टिकून राहिले. १९८० नंतरच्या दशकात प्रसृत झालेल्या पहिल्या प्रकारात ताणलेला रबरी फुगा असतो. औषध भरताना फुगा ताणला जातो आणि आकुंचन पावताना औषध बाहेर लोटतो. दुसऱ्या प्रकारात दाबून बसविलेली कमान पिचकारीचा दट्ट्या पुढे सारते. दोहोंतही वेग ठरविण्याचे काम एका अतिसूक्ष्म नळीकडे असते. फ्रेंच वैद्य प्वाझय याने १८४० नंतरच्या वर्षांत दाखविल्याप्रमाणे नळीतून वाहणाऱ्या द्रवाचे परिमाण नळीच्या त्रिज्येच्या चतुर्थ घातावर अवलंबून असते. त्रिज्या निम्मी केली तर प्रवाह सोळावा हिस्सा उरतो. नळी अशी बारीक घेतली, की जोरदार कमानही औषध थेंबाथेंबानेच देऊ शकते. या साधेपणाची किंमतही असते. एकदा जोडलेल्या नळीचा वेग बदलता येत नाही. द्रव थंड अथवा दाट असेल तर प्रवाह मंदावतो, आणि मार्ग तुंबला तर सूचना देणारी घंटा नसते. पण त्यास वीज लागत नाही, खुंटी लागत नाही आणि ते खिशात मावते.

या साधेपणाचे मोल महाराष्ट्रातही तपासले गेले आहे. गरोदरपणी रक्तदाब वाढून झटके येण्याचा धोका असलेल्या स्त्रियांस मॅग्नेशियम सल्फेट देतात. प्रचलित पद्धतींपैकी एकीत प्रारंभी दोन्ही कुल्ल्यांत आणि पुढे दर चार तासांनी एकेका कुल्ल्यात ५ ग्रॅमचे इंजेक्शन द्यावे लागते. ते अतिशय दुखरे असते. शिरेवाटे द्यावे, तर मात्रा वाढल्यास श्वास मंदावून थांबण्याचे भय; म्हणून नुसत्या टांगलेल्या बाटलीवर व हाताने फिरविण्याच्या चिमट्यावर विसंबणे धोक्याचे ठरते. विजेचा पंप तर लहान रुग्णालयात सहसा नसतोच. अशा स्थितीत कमानीवर चालणाऱ्या ‘स्प्रिंगफ्यूजर’ या पंपाची चाचणी नागपूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात घेण्यात आली, व तिचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. ब्लंडेल ज्या कारणाने या विषयाकडे वळला होता, ते बाळंतिणीचे मरणच येथे पुन्हा प्रश्नाच्या केंद्रस्थानी आलेले दिसते.

७

या विवेचनावरून असे दिसते की, सुवाह्य साधनाचा इतिहास म्हणजे जुन्याकडून नव्याकडे जाणारी एक सरळ रेषा नव्हे. ढकलण्याचे तत्त्व प्रथम आले, टांगण्याच्या तत्त्वाने त्यास मागे सारले, आणि टांगण्यास जेथे जागा नव्हती तेथे ढकलणे साठविलेल्या शक्तीच्या आधाराने परत आले. त्यामुळे टांगणे कालबाह्य झाले, असेही नाही. भिंत आणि खुंटी जेथे आहे, तेथे त्याहून स्वस्त व सोपे साधन अद्याप निघालेले नाही. या साधनांची तुलना करताना यंत्र किती नवे, यापेक्षा ते कोणत्या मनुष्यास मोकळे करते, ही कसोटी अधिक उपयुक्त ठरते. गुरुत्वाने लॅटाचा हात मोकळा केला, दाबाच्या पट्ट्याने बाटली धरणाऱ्या सैनिकास आणि कमानीने व रबरी फुग्याने खुद्द रोग्यास मोकळे केले. लीथच्या त्या वृद्धेस १८३२ साली द्रावण मिळाले होते आणि ते देणारा कुशल हातही मिळाला होता. तिला मिळाले नाही ते एवढेच, की तो हात निघून गेल्यावरही चालू राहील असे एखादे साधन.